बोलायच्या बाई

आमच्या बेळगावच्या हॉस्पिटलात मला 'पायाचे डॉक्टर' म्हणत आणि त्यांना 'बोलायच्या बाई'. दोन्ही नावं चुकीची. मी फिजिओथेरपिस्ट, पायाइतकंच हाताखांद्याचंही काम करतो, आणि डॉक्टर तर नाहीच. शकुंतला निर्मळे स्पीच थेरपिस्ट होत्या. पण झटका येऊन ज्याची वाचा गेली त्याच्या घरच्यांना हे सगळं कोण सांगत बसणार? 'त्या समोरच्या खोलीत जा, बोलायच्या बाईंकडं,' म्हटलं की काम भागायचं. दारावर इंग्रजीत पाटी होती, ती बारा वर्षांत कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

बाई निपाणीच्या. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक पोचली पाहिजे, तसला आवाज बाईंनी आईकडून घेतला होता. आमच्या खोल्यांची दारं समोरासमोर, त्यामुळं तो आवाज बारा वर्षं माझ्या कानावर आदळत राहिला. मी पेशंटचा गुडघा वाकवत असायचो आणि समोरून ओरडा यायचा, 'क म्हणा! ओठ न्हवं ओ, घसा! घशातनं!' माझा पेशंट बिचारा गुडघा वाकवता वाकवता 'क' म्हणायचा.

पेशंट बोलायचा प्रयत्न करत असला की बाईंचं तोंडही हलायचं. लहान मुलाला भरवताना आई स्वतःच आ करते ना, तसं. त्याचा शब्द अर्ध्यावर अडला की यांच्या कपाळावर घाम. संध्याकाळी जबडा चोळत माझ्याकडं यायच्या. 'ओ फिजिओ, हितं काय तरी करा की. लई दुखायलंय.' मी म्हणायचो, 'बाई, झटका त्याला आलाय, तुम्हाला नाही.' त्या जबडा आणखी पुढं करायच्या. मी फार हुशारीचं बोललो असं मला तेव्हा वाटायचं.

त्यांच्या खोलीत कंपनीकडून आलेली चित्रांची कार्डं होती. सफरचंद, छत्री, विमान. ती त्यांनी कपाटात टाकून दिली होती. 'आमच्या मानसाला इमान आठवून करायचं काय? मी काय पोपट शिकवायलोय व्हय?' (आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, त्यात गैर काही नाही.) कार्डांऐवजी त्यांच्याकडं एक कापडी पिशवी असायची. त्यात कांदा, लाल मिरची, विळ्याची मूठ, शर्टाचं बटण, तंबाखूचं पान, विणकरांची कांडी. कोण पेशंट येणार ते बघून सकाळी पिशवी भरायच्या. शेतकऱ्याच्या हातात विळ्याची मूठ द्यायच्या आणि त्याच्या तोंडाकडं डोळे लावून बसायच्या.

आणि एखाद्याचा पहिला शब्द आला की तो त्या माणसाला कायमचा चिकटायचा. बाईंना पेशंटची नावं आठवत नसत, पहिले शब्द आठवत. एकदा गणपत गल्लीत भर गर्दीत त्यांनी हाक मारली, 'ओ टॉवेल! बरं हाय न्हवं?' सगळा बाजार वळून बघायला लागला. एक निवृत्त बँक मॅनेजर, चांगला सफारी घातलेला गृहस्थ, हात वर करून हसत हसत आमच्याकडं आला. त्याच्या बायकोनं तर वाकून बाईंना नमस्कार केला. मी विचारलं, 'टॉवेलच का?' तर म्हणाल्या, 'आंघोळीवरून भांडान झालं त्येंचं. रागात आला शब्द. रागात लई चांगलं येतंय.'

एक कंडक्टर होते, राहायला निपाणीत, बेळगाव-निपाणी गाडीवर जन्म काढलेले, आता नोकरी सुटलेले. त्यांना बायकोचं नाव येईना, पाणी म्हणता येईना, काही म्हणजे काही येईना. बाईंनी दोन आठवडे डोकं फोडलं. मग एक दिवस रजा टाकली आणि त्या माणसाला घेऊन निपाणीच्या बसमध्ये जाऊन बसल्या. मला हे त्यांनीच सांगितलं. गाडी शहराबाहेर पडली, रस्ता ओळखीचा झाला, आणि ते गृहस्थ सीटवरून अर्धे उठून ओरडले, 'काकती, काकती!' मग होनगा, हत्तरगी, संकेश्वर, एकही स्टॉप न चुकता. गाडीतली माणसं हसत होती आणि बाई रडत होत्या. नंतर महिनाभर आमच्या व्हरांड्यात दोघांची ती फेरी चालायची. काकतीपासून निघायचं आणि निपाणी आली की बाई झटकन विचारायच्या, 'निपानीत उतरून कुनाकडं जायचं?' एक दिवस त्यांनी बायकोचं नाव घेतलं. गाडीच्या वेगातच, स्टॉपसारखं.

एवढं वाचून बाई म्हणजे देवमाणूस असं कुणी समजू नये. भांडखोर होत्या. पेशंटचं वाक्य जो नातेवाईक पुरं करील त्याला खोलीबाहेर काढायच्या, मग तो वकील असो की फौजदार. घरी सराव न करणाऱ्या पेशंटवर रुसायच्या, खरोखर रुसायच्या, तोंड फिरवून बसायच्या. एखादा दगावला की चार दिवस कुणाशी धड बोलत नसत. त्यांचे यजमान शांत गृहस्थ. एकदा मला म्हणाले, 'दिवसभर सगळ्यास्नी बोलतं करत्या आनि घरात आली की माझ्याशी बोलाय हिच्याकडं शब्द उरत न्हाईत.' ते हसत म्हणाले, पण ते तक्रारच करत होते.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना दोनतीनदा बसवून समजावलं होतं. मॅडम, पेशंटमध्ये एवढं गुंतायचं नसतं, आपल्यालाही त्रास, त्यालाही त्रास, निर्णय चुकतात. बाई खाली मान घालून ऐकायच्या आणि बाहेर येऊन मला विचारायच्या, 'तुमी कसं ओ न्हाय गुततासा?' मी म्हणायचो, मी पेशंटला दारात सोडतो आणि हात धुतो. 'हात धुतल्यावर जातंय व्हय?' त्या विचारायच्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

डॉक्टर म्हणत होते ते खरं ठरलं, ते परशुअण्णांच्या वेळी.

परशुअण्णा वडगावचे विणकर. घरात दोन यंत्रमाग, साड्या विणायचे. साठी उलटलेली. झटक्यानं उजवी बाजू गेली आणि वाचाही. हातपाय माझ्याकडं, वाचा बाईंकडं. बरोबर बायको यायच्या, तानाक्का. स्टुलावर बसून नवऱ्याच्या पावलावर हात ठेवायच्या आणि तास संपेपर्यंत तो हात काढायच्या नाहीत. पहिल्याच दिवशी त्या बाईंना म्हणाल्या, 'चालूंदे न्हाय तर ऱ्हाऊंदे. पर मला एक शब्द बोलूंदे. घरात लई गप झालंय ओ.' माग बंद, माणूस बंद. मला ते ऐकून वाईट वाटलं आणि मी माझ्या कामाला लागलो. बाईंनी मात्र त्याच दिवशी चहा सोडला. परशुअण्णा बोलल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. बारा वर्षांत मी त्यांना चहाशिवाय पाहिलं नव्हतं.

फॉर्म मुलानं भरला होता, महेशनं. मातृभाषेपुढं त्यानं मराठी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. 'घरात दुसरी भाषा न्हाय बगा,' असं वर सांगितलंही. आमच्या सीमाभागात ही रेघ कुणी उगीच ओढत नाही आणि त्यावर कुणी जास्त विचारतही नाही. बाईंनीही विचारलं नाही.

दोन महिने नुसतं 'अं'. कांडी हातात देऊन झाली, सुताची लडी देऊन झाली, साडीचा काठ देऊन झाला. समोरचं सगळं समजत होतं, सांगितलेलं करत होते, पण शब्द नाही. बाई खंगल्या. खरोखर वजन उतरलं त्यांचं.

मग एक दिवस दुपारी, एकच्या सुमाराला, मी अण्णांचा हात सोडवत होतो आणि बाई शेजारीच होत्या. अण्णांनी तानाक्कांकडं पाहिलं. ओठ थरथरले आणि सपाट आवाजात, जड जिभेनं शब्द आले.

'ऊठ... आता.'

बाईंनी मला हातानं बाजूला सारलं. 'उठा! आक्का, उठा! ऊठ म्हनालेत, उठा की लौकर!' तानाक्का दचकून उभ्या राहिल्या. बाईंचं म्हणणं असं की शब्दाला लगेच फळ मिळालं पाहिजे. पाणी म्हटलं की पाणी, दार म्हटलं की दार उघडायचं. तरच माणसाला पटतं की बोलून काही होतं. 'घरात बी असंच करायचं. त्येनी ऊठ म्हनलं की तुमी उठायचं. हातातलं टाकून उठायचं.' त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला. स्वतः दोन कप घेतला. त्या गडबडीत तानाक्कांनी हळूच विचारलं, 'बाई, मला ऊठ म्हनालेत व्हय?' आणि बाई म्हणाल्या, 'दोन शब्द, आक्का! दोन! एक न्हाय!'

पुढचे तीन आठवडे परशुअण्णा तेवढंच बोलले. तानाक्का दिसल्या की 'ऊठ आता.' त्या उठायच्या. त्या उठल्या की अण्णा चिडायचे, डाव्या हातानं खाट बडवायचे, परत म्हणायचे, 'ऊठ आता.' तानाक्का खोलीबाहेर जायच्या. बाईंनी वहीत नोंद केली की शब्द पक्का झाला आहे, चिडचिड आजाराची आहे, कमी होईल. मी ती नोंद वाचली होती. मलाही बरोबर वाटली.

मग तानाक्का यायच्या थांबल्या. महेश घेऊन यायला लागला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, 'आई म्हनत्या, मी समोर असल्याली त्येस्नी चालत न्हाय. उचगावला मावशीकडं जातो म्हनत्या थोडं दीस.' चाळीस वर्षांचा संसार. बाई म्हणाल्या, मी समजावते. पण काय समजावणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तो सोमवार होता. बाईंच्या खोलीत परशुअण्णा, महेश आणि मी. मल्लव्वा फरशी पुसायला आली. मल्लव्वा आमची सफाईवाली, बैलहोंगलकडची, लेकीच्या बाळंतपणाला जाऊन महिन्यानं परतलेली. ती दारातून आत आली, अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'ऊठ आता.'

मल्लव्वानं बादली ठेवता ठेवता, मान वर न करता उत्तर दिलं, 'आत्री. निमदु?'

म्हणजे, झालं हो. तुमचं?

कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण. 'ऊट आता?' म्हणजे जेवण झालं का. तिकडच्या गावांत भेटल्यावर माणूस माणसाला आधी हेच विचारतो.

बेळगावात राहून आम्हाला कन्नड येत नव्हतं असं नाही. भाजी घेताना, कचेरीत, बसमध्ये आम्ही कन्नडच बोलतो. मल्लव्वाशी तर रोज. हे दोन शब्द मी स्वतः हजार वेळा ऐकले, बोललेही असतील. पण झटक्यानंतर आवाजाला चढउतार राहत नाही, प्रश्न प्रश्नासारखा वाटत नाही, आणि जड जिभेला ट आणि ठ सारखेच. फॉर्मवर मराठी लिहिलेलं. आमचे कान मराठीत बसले होते, ते उठलेच नाहीत.

मल्लव्वाचं उत्तर ऐकून परशुअण्णांचं तोंड असं उजळलं की तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पोटावर डावा हात ठेवला, मान हलवली. झालं म्हणून. आणि डोळ्यांतून पाणी.

बाईंच्या हातात त्या वेळी कांदा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. महेशला विचारलं, 'अण्णा कन्नड कुठं शिकल्यात?' तो गडबडला. म्हणाला, 'लहानपनी आजोळात होते, गोकाककडं. आई वारल्याली ना त्येंची. धा-बारा वर्सं होते. पर घरात कदी बोलले न्हाईत, बाई. आमी कदी ऐकलं न्हाय.' आणि मग त्याच्याही लक्षात आलं. त्याचा चेहरा पडला. 'मी लिवलं न्हाय,' तो म्हणाला. 'मी इचारलं न्हाय,' बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, फोन करू या तानाक्कांना. बाई उठून दाराकडं निघाल्या. 'ऊठ म्हनून समोर उभारून सांगिटलं की मी. आता फोनवर सांगू?'

माझ्या स्कूटरवर आम्ही वडगावला गेलो. पुढं रिक्षात महेश आणि अण्णा. वाटेत बाई मागून बोलत होत्या, आणि इतक्या हळू की मला अर्धंच ऐकू येत होतं. 'मला मराठी पायजे होतं, फिजिओ. तिच्यासाटी पायजे होतं. म्हनून तसं ऐकू आलं. माजा कान गेला. राजीनामा देतो मी.' खरं सांगायचं तर मला राग आला होता, त्यांचा नाही, माझा. तीन आठवडे तो माणूस माझ्याच हातात हात देऊन ते बोलत होता आणि मी त्याचा खांदा किती अंश वर जातो ते मोजत होतो.

त्या गल्लीत सगळीकडं मागांचा खडखडाट, त्यांच्याच घरात शांतता. तानाक्का पिशवी भरत होत्या, दोन लुगडी वर दिसत होती. महेशनं अण्णांना खाटेवर बसवलं. बाई उभ्याउभ्याच सगळं बोलल्या, एका दमात. मल्लव्वा काय म्हणाली, शब्दाचा अर्थ काय, गोकाक, सगळं. शेवटी म्हणाल्या, 'माजं चुकलं, आक्का.' माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी आमच्यापैकी कुणाच्या तोंडून पेशंटच्या घरी ऐकलेलं नाही. मी स्वतः तर कधी म्हटलेलं नाही.

मला वाटलं होतं, तानाक्का आनंदानं रडतील. त्या भडकल्या.

'तीन आठवडं!' त्या म्हणाल्या. 'त्यो मला जेवलीस का इचारायचा, आनि मी उटून जायचो? माज्या मानसाच्या तोंडाफुडनं? तुमी उटिवलासा मला, बाई. मी बसलोतो त्येच्यापाशी. तुमी उटिवलासा!'

महेश मधे पडायला गेला, बाईंनी त्याला हातानं थांबवलं. दुसरं कुणी असतं तर समजावून सांगितलं असतं की अशी चूक कशी होऊ शकते, फॉर्म कुणी भरला होता. बाई सगळं ऐकून घेत तिथंच उभ्या राहिल्या. तानाक्का बोलून बोलून दमल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. परशुअण्णा त्यांच्याकडंच बघत होते. म्हणाले, 'ऊट आता?'

बाईंनी माझा दंड धरला. 'ऐकलासा?' त्या कुजबुजल्या. 'शेवट वर गेला. इचारलं त्येनी.' मला काही फरक कळला नव्हता. त्यांना कळला होता.

तानाक्कांनी नवऱ्याच्या पावलावर हात ठेवला. मग म्हणाल्या, 'न्हाय. न्हाय जेवलो आज.' अण्णांनी डावा हात स्वयंपाकघराकडं केला. त्या उठल्या, आणि मला आठवतं, उठताना 'आलो हं, हितंच येतो,' असं दोनदा सांगून उठल्या. ताट वाढून घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या समोर बसून भाकरी मोडायला लागल्या. त्या वयाच्या बायका पुरुषांपुढं असं जेवत नाहीत. महेश बाहेर गेला. अण्णा एकेका घासाकडं लक्ष देऊन बघत होते, नीट जेवते आहे की नाही म्हणून.

बाईंनी राजीनामा दिला नाही. त्यांनी कन्नडमधला सराव सुरू केला, मल्लव्वाला रोज अर्धा तास पुसण्यातून सोडवून समोर बसवलं, आणि वर्षभरात परशुअण्णा दोन्ही भाषांची मिसळ करून का होईना पण भांडण्याइतकं बोलायला लागले. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होऊन निपाणीला गेल्या. निरोप समारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं, मोठे डॉक्टर बोलले. त्यातलं मला फारसं आठवत नाही. त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पेशंटला दारात सोडते. समोरून आता आवाज येत नाही. मला बाईंची फार आठवण येते आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

बाई आठवतात त्या वडगावच्या त्या दारातल्या. आम्ही निघालो होतो. तानाक्का जेवत होत्या, त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नव्हतं, आणि ते रास्तच होतं. बाई दाराशी वाकून चपला शोधत होत्या. डोळ्यांत पाणी असल्यामुळं त्यांना त्या सापडत नव्हत्या. मी त्यांच्या चपला पायानं पुढं सरकवल्या. इतक्यात मागून तानाक्कांचा आवाज आला. राग गेलेला नव्हता, आवाज अजून करकरीतच होता, शब्द मात्र नवऱ्याचे होते. तोंडात नीट बसलेले नव्हते.

'ओ बाई. ऊट आता?'

बाई वळल्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, दोनदा ओठ हलले, आणि नुसती मान हलली, नाही म्हणून.

तानाक्कांनी आपलं ताट थोडं बाजूला सरकवून जागा केली. बाई परत आत गेल्या आणि खाली बसल्या.